सहाशे, दोनशे-पाचशे आणि मी

आमच्या ग्रुपात कुणालाही नाव नाही. आईबापांनी ठेवलेली असतील, पण ती वापरात नाहीत. ज्याच्या कॅमेऱ्याला जी लेन्स, ते त्याचं नाव. ‘सहाशे उठले का?’ ‘दोनशे-पाचशेंना सिडकोतून घ्यायचंय.’ ‘शंभर-चारशेंची मुलगी बघितली, घर चांगलं आहे.’ आकडे मिलिमीटरचे असले तरी मान आकड्याप्रमाणे मिळतो. सहाशे महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या लेन्सला गाडीत स्वतंत्र सीट असते आणि सीटबेल्टही लावतात. वहिनी मागच्या सीटवर, ट्रायपॉड मांडीवर घेऊन बसतात.

माझ्याकडे सत्तर-तीनशे आहे. तीही मेहुण्याची. दिवाळीला आला होता, जाताना विसरला, आणि आम्हीही आठवण करून दिली नाही. एवढ्याशा आकड्याला कोण अहो-जाहो करणार? ‘सत्तर-तीनशे, ती पाण्याची बाटली आण रे,’ असं मला म्हणतात. वहिनींकडे फक्त मोबाइल. त्यामुळे त्या या उतरंडीत कुठेच बसत नाहीत, आणि म्हणून की काय, आमच्यात एकट्या त्याच हसतमुख आहेत.

तर फाल्गुनात ग्रुपवर निरोप आला : ‘वसंत ऋतूतील निसर्ग-छायाचित्रण भटकंती. ठिकाण : गौताळा. मुख्य आकर्षण : स्वर्गीय नर्तक. पहाटे चार वाजता क्रांती चौक. कृपया भडक कपडे टाळावेत.’

वसंत ऋतू म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. शाळेतल्या निबंधात तो दोन महिन्यांचा असतो. संभाजीनगरात तो साधारण बुधवारी येतो आणि रविवारी जातो. परवापर्यंत स्वेटर होता, आता कूलरला वाळ्याचे पडदे लावा, यांच्या मधे जी फट राहते तिला आम्ही वसंत म्हणतो. मार्च सरता सरता पारा चाळिशीकडे सरकू लागतो. कोवळी पालवी, मंद वारा वगैरे कवींना कुठे भेटला असेल तिथे असो; आमच्याकडे या दिवसांत जंगल उघडंबोडकं होतं. साग झडलेला, सालई झडलेली, पायाखाली पापड मोडल्यासारखा पाचोळा. आणि त्या सगळ्या करड्या पसाऱ्यात मधेच एखादा पळस पेटलेला.

पण पक्षी टिपायला हाच काळ चांगला. पान नाही म्हणजे आडोसा नाही. पावसाळ्यात जो पक्षी नुसता आवाजावरून ‘इथेच कुठेतरी आहे’ एवढाच असतो, तो फाल्गुनात उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. आम्हीही अर्थात त्याला दिसतो. तो आम्हाला दिसण्याच्या बराच आधी.

माझा सराव शहरातच झाला. दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर, म्हणजे जुन्या लोकांचा खिजरी तलाव, आणि समोरची हिमायत बाग, या दोन जागांनी माझ्यासारखे अनेक होतकरू सोसले आहेत. तिथे मी वर्षभरात वेड्या राघूचे तीनशे फोटो काढले. त्यांतल्या दोनशे ऐंशींमध्ये विजेची तार अतिशय सुस्पष्ट आली आहे. महावितरणला कधी गरज पडली तर मी सगळा संच देऊ शकतो.

पहाटे चारला क्रांती चौकात चौदा माणसं जमली. सगळ्यांच्या अंगावर लष्करी हिरवे-तपकिरी कपडे, डोक्यावर तशाच टोप्या. जंगल झडून करडं पडलेलं असताना हा गडद हिरवा रंग कशात मिसळणार, असा प्रश्न मला पडला. पण सत्तर-तीनशेने प्रश्न विचारायचे नसतात. दौलताबाद, वेरूळ मागे टाकून उजाडता उजाडता कन्नडला पोह्यांसाठी थांबलो. दोन गाड्यांतून एका रंगाचे चौदा लोक उतरलेले पाहून हॉटेलवाल्याने रस्त्यावर आलेली त्याची दोन बाकडी झटक्यात आत ओढली. त्याला वाटलं, अतिक्रमणवाले आले. आम्ही पक्षी बघायला आलोय हे कळल्यावर त्याने बाकडी परत बाहेर आणली आणि पोह्यांवर शेव जरा कमी टाकली.

कन्नडच्या पुढचा घाट तो औट्रम घाट. अभयारण्याचं पूर्ण नावही गौताळा-औट्रमघाट असंच आहे. सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत, संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 261 चौरस किलोमीटर. 1986 साली जाहीर झालेलं. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. 1825 च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. वाघांची शिकार हा त्याचा दुसरा लौकिक. म्हणजे वन्यप्राण्यांना अभय देणाऱ्या जागेच्या नावातच शिकारी बसलेला आहे. सहाशेही लेन्स खांद्यावर टाकताना ‘चला, शूटला’ असंच म्हणतात, तेव्हा परंपरा अगदीच खंडित झालीय असं नाही.

आणि वाघाचं म्हणाल तर या जंगलात कितीतरी वर्षांनी वाघ दिसला तो 2021 मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला. त्याचा फोटो निघाला, तो कुणी काढला? झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधलेल्या एका डबीने. ट्रॅप कॅमेरा. त्याला ना बूट, ना टोपी, ना पोहे. समोरून काही उबदार हललं की तो आपोआप फोटो काढतो आणि पुन्हा गप्प बसतो. आमच्या चौदा जणांकडे मिळून जेवढी काच आहे तेवढ्या किमतीत कन्नडला प्लॉट येईल. पण वाघ आला तो त्या डबीसमोर. हा विषय सहाशेंसमोर काढायचा नसतो. मी एकदा काढला होता. तेव्हापासून पाण्याची बाटली मी आणतो.

नाक्यावर पावत्या फाडल्या आणि सोबत वाटाड्या म्हणून एक मामा मिळाले. पायथ्याच्या गावातले, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. ‘भडक कपडे टाळावेत’ या आमच्या नियमाचा त्यांनी सर्वांगाने भंग केला होता. दोनशे-पाचशे हळू आवाजात म्हणाले, ‘यांना बघून एक पक्षी बसायचा नाही.’ दिवसभरात जेवढे पक्षी दिसले ते सगळे मामांच्या आसपास दिसले. पाखरांना धोतर ओळखीचं असावं. झाड चालत आलं की ती बिचकत असतील.

गौताळा तलावाकडे चालायला लागलो. पहिलाच पळस लागला तो भोरड्यांनी भरलेला. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि एका झाडावर दोन-अडीचशे जणींचा एकाच वेळी चाललेला महिला बचत गट. पळसाच्या फुलात चोच खुपसायची, मध प्यायचा, कपाळाला पराग लावून घ्यायचा आणि पुढच्या फुलावर जायचं. फुलाला फळ धरायचं काम असं परस्पर होऊन जातं. या भोरड्या पूर्व युरोप आणि मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे येतात आणि चैत्र-वैशाखात परततात. तिकडे त्या टोळ खातात, म्हणून शेतकऱ्याला हव्याशा; इकडे आमची ज्वारी खातात, म्हणून त्यांच्यासाठी गोफण. पक्षी तोच, पण बदली झाली की माणसाचा शेरा बदलतो, हे सहाशेंना महसूल खात्यामुळे लगेच पटलं.

तेवढ्यात सगळे कॅमेरे सुरू झाले. नव्या कॅमेऱ्यांत एका सेकंदात वीस फोटो निघतात. भोरडी मान वळवेपर्यंत शंभर-चारशेंनी तिचे साठ फोटो काढले होते, आणि साठही एकसारखे. लग्नाच्या पूर्ण अल्बममध्ये नवरीचे एवढे नसतात. वहिनींनी मोबाइल वर केला, एक फोटो काढला, बघितला, म्हणाल्या, ‘झाडच आलं नुसतं. पण छान आलं.’ आणि मोबाइल पिशवीत टाकून झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. आम्ही सगळे आपापल्या पडद्यांत मान घालून फोटो तपासत असताना भोरड्या उडाल्या. ते दोन-अडीचशेंचं एकदम उठणं एकट्या वहिनींनी आणि मामांनी पाहिलं. आम्हाला फक्त आवाज आला. सोसायटीच्या गच्चीवर कुणीतरी ताडपत्री झटकल्यासारखा.

मामांना पक्षी दाखवायला लेन्स लागत नव्हती. चालता चालता काठीने दाखवायचे. ‘त्यो सुतार. त्यो शिंपी. ह्यो आवाज येतोय टुकटुक, त्यो तांबट. नाल्यात शेपटी हलवायलाय त्यो धोबी. वर कोतवाल.’ माझ्या लक्षात आलं, गावगाड्यातले सगळे अलुते-बलुतेदार इथे आहेत. गावात आता कुणी नाही. सुतार वाळूजला कंपनीत गेला, शिंप्याचं दुकान रेडिमेडने बसवलं, तांबटाला स्टीलने घालवलं, आणि कोतवालाला तहसीलमध्ये कुणी विचारत नाही. जंगलात मात्र प्रत्येकाचं काम तसंच चालू. तांबट पक्षी दिवसभर तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा ठोके देतो, एकही भांडं तयार न करता. त्याच्याविषयी मला आपुलकी वाटली. आमच्या पतसंस्थेत अशी दोन टेबलं आहेत.

‘मामा, यात फोटोवाला पक्षी कुठला?’ वहिनींनी विचारलं.

मामांनी जरा विचार केला. ‘बगळा,’ म्हणाले. ‘एका पायावर तासभर उभा ऱ्हातो, आन् गावला तर गावला.’

दहाच्या सुमारास उन्हाने कान धरला तरी स्वर्गीय नर्तकाचा पत्ता नव्हता. हा पक्षी म्हणजे आमच्या क्षेत्रातला सत्यनारायण. नर पूर्ण वाढला की अंग पांढरंशुभ्र, डोकं काळंभोर, आणि शेपटीतून दोन लांब पांढऱ्या फिती. उडाला की वाटतं, कुणी अदृश्य बाई रिबन फिरवतेय. खेड्यात त्याला बाणपाखरू म्हणतात. मादीला आणि कोवळ्या नराला तांबूस रंग, म्हणून त्यांच्यामागे कुणी धावत नाही.

शेवटी सहाशेंनी मोबाइल काढला. आता इथे एक सांगितलं पाहिजे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावणं पक्षीनिरीक्षकांच्या शिष्टाचारात बसत नाही, विणीच्या दिवसांत तर अजिबातच नाही. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत कुणी घुसलं, आणि तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. सहाशेंना हे सगळं पाठ आहे. नवीन येणाऱ्यांना तेच सांगतात. ‘फक्त एकदाच,’ ते म्हणाले, ‘आणि नर्तकाचा नाहीच, रानपिंगळ्याचा वाजवतो.’ त्यामागे शास्त्र असं, की पिंगळा दिसला वा ऐकू आला की परिसरातली सगळी छोटी पाखरं मोर्चा घेऊन त्याच्यावर धावून येतात. मोर्चात नर्तकही असू शकतो.

मोबाइलवर पिंगळा बोलला. आम्ही श्वास रोखले. आणि खरोखर, ओढ्याच्या पलीकडून उत्तर आलं!

सहाशेंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी पुन्हा वाजवला, पलीकडून पुन्हा उत्तर. अगदी तेवढंच लांब, तेवढंच स्पष्ट. ‘जोडी आहे,’ दोनशे-पाचशे कुजबुजले. आम्ही पोटावर झालो. काटे, दगड, शेळ्यांच्या लेंड्या या कशाचीही पर्वा न करता चौदा माणसं ओढ्याच्या दिशेने सरपटू लागली. तब्बल वीस मिनिटं इकडचा पिंगळा आणि तिकडचा पिंगळा बोलत होते, आणि आवाज जवळ जवळ येत होता. मामा मात्र मागे दगडावर बसून तंबाखू मळत राहिले. वहिनींनी त्यांना विचारलं, ‘मामा, तुम्ही नाही येत?’

‘तिकडूनबी फोनच बोलायलाय, बाई,’ मामा म्हणाले. ‘चार्जिंग सरलं की दोनीबी गप बसतील.’

ओढ्यात उतरलो तेव्हा समोरच्या काठावरून दुसरा ग्रुप पोटावर सरपटत उतरत होता. नाशिकहून आलेले, तोच रंग, त्याच टोप्या. त्यांच्या पुढाऱ्याच्या हातात मोबाइल आणि त्यातून पिंगळा बोलत होता. दोन्ही बाजू काही क्षण एकमेकींकडे बघत तशाच आडव्या राहिल्या. मग त्यांचे पुढारी उठून कपडे झटकत सहाशेंना म्हणाले, ‘सहाशे का? एफ-फोर?’ आणि ते दोघे जुने मित्र भेटल्यासारखे लेन्सविषयी बोलत बसले. पिंगळ्याचा विषय कुणीही काढला नाही. एवढी सभ्यता मी अलीकडे विधान परिषदेतही पाहिलेली नाही.

आता माझी गोष्ट. या गोंधळात मी एकटा ओढ्याकाठच्या एका काटेसावरीखाली बसलो होतो. लाल मांसल फुलांनी झाड भरलेलं, पान एक नाही. दहा-बारा फुटांवर एक चिमणी येऊन बसली. फुलात डोकं घातलं, बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घातलं. मला पाहून उडून न जाणारा हा माझ्या कारकिर्दीतला पहिला पक्षी. मी बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं तर डोळा लख्ख! डोळ्यात उन्हाचा ठिपकासुद्धा. मधे तार नाही, काडी नाही. मी चाळीसेक फोटो काढले आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला तेव्हा ‘पराग लागलाय’ अशी मनात नोंदही केली. मोठ्या उत्साहाने सहाशेंना दाखवायला गेलो.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. ‘चिमणी आहे ही.’

‘हो, पण शार्पनेस बघा ना.’

‘अरे, चिमणी काढायला गौताळ्यात कशाला यायचं? टीव्ही सेंटरला काय कमी आहेत?’

नाशिकचे पुढारीही हसले. एवढ्यात वहिनी ओरडल्या, ‘अहो, ते बघा पांढरं!’

तो आला होता. स्वर्गीय नर्तक. ओढ्याच्या पाण्यावर वाकलेल्या फांदीवर, आमच्यापासून दोन मीटरवर. दोन फिती खाली लोंबताहेत, त्यांची टोकं वाऱ्याने हलताहेत. सत्तावीस कॅमेरे वर झाले. पण सहाशेंची ती थोर लेन्स चार-साडेचार मीटरच्या आतलं काही बघू शकत नाही. मोठ्या माणसांना पायाशी आलेलं दिसत नाही तसंच. ते मागे सरकू लागले, मागे नाशिक होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, नेम धरला, बटण दाबलं. पडद्यावर दोनच शब्द : कार्ड फुल्ल.

माणूस अशा वेळी काय करतो? मी थरथरत्या बोटांनी ताज्या फोटोंपासून पुसायला सुरुवात केली. चिमणी, चिमणी, चिमणी. चाळीसच्या चाळीस चिमण्या उडवल्या, तेव्हा जागा झाली. मान वर केली तर फांदी नुसती डोलत होती.

सत्तावीस कॅमेऱ्यांत मिळून नर्तक असा आला : सहाशेंकडे एक पांढरी फीत, टोकाची, दोनशे-पाचशेंकडे पक्ष्याऐवजी नाशिककरांपैकी एकाचा कान. नाशिकच्या एका मुलीला पूर्ण पक्षी मिळाला, पण तिने घाईत झाकण काढलं नव्हतं असं तिचंच म्हणणं, म्हणजे मिळाला तो मनात. वहिनींनी फोटो काढलाच नाही. ‘बघत राहिले,’ म्हणाल्या, ‘विसरलेच.’ सहाशेंनी ती फीत रात्री ग्रुपवर टाकली. कोपऱ्यात वळणदार अक्षरांत स्वतःचं नाव, कुणी चोरू नये म्हणून. पंधरा मिनिटांत सहा ‘अप्रतिम’, चार ‘क्या बात’ आणि एक ‘सर, हे काय आहे?’ आले. शेवटचा सदस्य नवीन होता.

नाव घालण्यावरून मात्र त्यांना हसू नये. याच अभयारण्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक यक्ष सापडला. बसका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा, सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याने ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलंय की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. दोन हजार वर्षं झाली, चोरीला गेलेलं नाही. फरक इतकाच, की कण्हदासाने पूर्ण यक्ष केला होता.

परतताना खुलताबादच्या आसपास सगळे पेंगत होते. वहिनी ट्रायपॉडच्या पायांतून पुढे वाकून मला म्हणाल्या, ‘अहो, ती चिमणी कुठली होती हो? गळ्याला हळद लावलेली?’

‘पराग होता तो, वहिनी.’

‘नाही हो. मी दुसरीही बघितली, वरच्या फांदीवरच्या ढोलीपाशी. तिलाही तेवढीच, तिथेच हळद. आणि खांद्यावर विटकरी पट्टा.’

घरी आल्यावर आंघोळीआधी पुस्तक काढलं. सलीम अलींचं, भारतीय पक्ष्यांवरचं. पहिली आवृत्ती 1941 ची, माझी अर्थात फार पुढची आणि अजून कोरी. सापडली. पीतकंठी रानचिमणी. पानझडीच्या जंगलात राहते, झाडाच्या ढोलीत घरटं करते, फुलांतला मध पिते. नराच्या गळ्यावर पिवळा डाग, खांद्यावर तांबूस पट्टा.

हीच ती. शाळकरी सलीमने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याला पिवळा डाग दिसला. मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, नेऊन दाखवली, त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय पेंढा भरून ठेवलेले कपाटभर पक्षी पोराला दाखवले. तिथून सगळं सुरू झालं. 1985 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात जी चिमणी पडते, ती ही. ज्यांच्या नावाच्या तळ्याकाठी मी वर्षभर विजेच्या तारा टिपल्या, त्यांच्या हाती पुस्तक देणारा पक्षी माझ्यासमोर दहा-बारा फुटांवर बसून जेवत होता. डोळ्यात उन्हाचा ठिपका घेऊन.

कार्डवर आता परतीच्या रस्त्यावरचे दौलताबादच्या किल्ल्याचे, गाडीच्या काचेतून काढलेले सदतीस हललेले फोटो आहेत. पुसलेले फोटो परत काढून देणारा माणूस निराला बाजारात बसतो असं कळलं. तो म्हणतो, वर नवीन फोटो घेतले नसते तर सगळे मिळाले असते, आता बघू. अडीच हजार मागतोय. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीचा याहून स्वस्त माणूस असेल तर कृपया कळवा. फक्त सहाशेंच्या कानावर जाऊ देऊ नका.